नाही, हा त्याग नव्हे

देवळात राजाच्या आयुष्यासाठी प्रार्थना चालू आहे. राजा आद्मेटस मरणाच्या दारात आहे, प्रजा हात जोडून उभी आहे आणि राणी अल्केस्टिस अपोलोला साकडे घालते आहे. तेवढ्यात देववाणी होते. ती वाणी एकाच सुरावर बोलते. तो सूर वर जात नाही, खाली येत नाही, त्यात एकही हरकत नाही. पण त्या न हलणाऱ्या सुराखाली ट्रॉम्बोनांचे आणि इतर वाद्यांचे स्वरमेळ मात्र एकामागून एक बदलत जातात आणि ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. देव सांगतो ते एवढेच, की दुसऱ्या कोणी त्याच्या जागी मरण पत्करले नाही तर राजा मरेल. क्षणभर सगळे सुन्न होतात, आणि मग आत्तापर्यंत राजासाठी टाहो फोडणारी तीच प्रजा देऊळ सोडून पळत सुटते. राणी मागे राहते.

व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये २६ डिसेंबर १७६७ रोजी हा प्रसंग पहिल्यांदा रंगला. ऑपेराचे नाव 'आल्चेस्ते', म्हणजे इटालियन रूपातली अल्केस्टिस, संगीत क्रिस्टोफ विलिबाल्ड ग्लुकचे, संहिता रानिएरी दे काल्झाबिजीची, आणि कथा ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या इसवी सनपूर्व ४३८ मधल्या नाटकातली. मी तो पहिल्यांदा मन लावून ऐकला तो काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या बाकावर बसून, कानाला हेडफोन लावून. काकांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मावशी, आपले एक मूत्रपिंड त्यांना देणार होती. तिच्या तपासण्यांच्या दिवसांत सोबतीला मी जात असे आणि दोन तपासण्यांच्या मधल्या लांबलचक वेळात काहीतरी ऐकत बसत असे. देववाणीचा प्रसंग आला आणि मला महिनाभरापूर्वीची आमच्या घरातली संध्याकाळ आठवली. डॉक्टर काय म्हणाले ते काकांच्या धाकट्या भावाने सगळ्यांना सांगितले होते, घरातल्या कोणाचे जुळते का ते पाहावे लागेल, असे. दिवाणखान्यात दहा-बारा माणसे होती. कोणी चहाचे कप गोळा करू लागले, कोणाला फोन घ्यायला बाहेर जावे लागले, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मावशी भाजी निवडत होती. ताटावरून नजर न उचलता ती म्हणाली, "माझं चालतंय का बघा आधी."

त्या दिवसापासून ग्लुकचे ऑपेरा मी सोडलेले नाहीत. संगीताच्या इतिहासात ऑपेराच्या सुधारणेचा अध्याय त्याच्या नावावर आहे, आणि त्या अध्यायात एक गोष्ट ठळकपणे दिसते. ही सुधारणा त्याने ज्या व्यक्तिरेखांच्या आधाराने पुढे नेली, त्यांतल्या सर्वांत मोठ्या व्यक्तिरेखा ग्रीक शोकांतिकांतल्या स्त्रिया आहेत, आधी अल्केस्टिस आणि मग दोनदा इफिजेनिया. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. त्या बायकांना जे सांगायचे होते, ते जुन्या साच्यात सांगताच येत नव्हते.

तो साचा आधी समजून घ्यायला हवा. अठराव्या शतकातल्या गंभीर इटालियन ऑपेरावर मेटास्टाझिओ या दरबारी कवीच्या संहितांचे राज्य होते. कथेची हालचाल गात बोललेल्या संवादांतून उरकायची आणि मग एकेका पात्राने थांबून आरिया, म्हणजे एकट्याचे गाणे, म्हणायची, अशी ही रचना होती. आरियाचा पहिला भाग, त्याहून वेगळ्या भावाचा दुसरा भाग आणि मग 'दा कापो', म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला शब्द तेच आणि चालही तीच; गायकाने तिच्यावर आपल्या तानांची आणि मुरक्यांची नक्षी चढवायची. आरिया संपली की पात्राने टाळ्या घेत आत निघून जायचे. कास्त्राती गायकांची, म्हणजे आवाज बारीक राहावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुष गायकांची, जी अफाट कीर्ती झाली, ती या तिसऱ्या खेपेच्या जोरावर.

मराठी माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. माझे आजोबा 'स्वयंवर'च्या प्रयोगांबद्दल सांगत, तेव्हा नाटकाच्या गोष्टीपेक्षा बालगंधर्वांची रुक्मिणी, तिची पदे आणि त्यांना मिळालेले 'वन्स मोअर' यांचेच वर्णन अधिक असे. पहाट कधी झाली ते कळत नसे, असे ते म्हणत. मला ते वैभव खरेच वैभव वाटते. आपल्या गाण्यात मुखड्यावर परत येण्यासारखा दुसरा आनंद नाही, आणि म्हणून 'दा कापो'ची टिंगल करणाऱ्या पुस्तकी मजकुराशी माझे कधी जमले नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर येणे यात मुळात वाईट काय आहे? कृष्णाची वाट पाहणारी रुक्मिणी तीच ओळ चार वेळा म्हणाली, तर तिचे वाट पाहणे चौपट गोड होते. अडचण येते ती नवऱ्याच्या जागी मरायचे ठरवलेल्या बाईला हा साचा दिला की. तिने निर्णय घेतला आहे. निर्णय घेतल्यानंतर ती जर सुरुवातीच्याच जागी परत आली, आणि तीही आधीपेक्षा अधिक नटून, तर तिने काही ठरवलेच नव्हते असे ऐकणाऱ्याला वाटेल.

ग्लुक या साच्याच्या बाहेरचा माणूस नव्हता, हे विसरून चालणार नाही. वनरक्षकाचा हा मुलगा १७१४ साली बव्हेरियातल्या एरास्बाख या खेड्यात जन्मला, आणि त्याचा पहिला ऑपेरा, 'आर्तासेर्से', मेटास्टाझिओच्याच संहितेवर मिलानमध्ये २६ डिसेंबर १७४१ रोजी रंगमंचावर आला. 'आल्चेस्ते'च्या आधी बरोबर सव्वीस वर्षे, त्याच तारखेला. मधल्या काळात त्याने याच साच्यात कितीतरी ऑपेरे लिहिले. काल्झाबिजीने तर पॅरिसमध्ये मेटास्टाझिओच्या समग्र संहितांची आवृत्ती काढून तिला गौरवपर प्रस्तावना लिहिली होती. (हाच काल्झाबिजी पॅरिसमध्ये कासानोव्हा या बदनाम रंगेल माणसाबरोबर सरकारी लॉटरी चालवण्याच्या उद्योगातही होता, रंगमंचावर साधेपणा आणणारा माणूस आयुष्यात साधा असलाच पाहिजे असे नाही.) म्हणजे ज्यांनी घर मोडले, त्यांना त्या घराची प्रत्येक खोली ठाऊक होती.

'आल्चेस्ते'ची स्वरलिपी १७६९ साली छापली गेली आणि तिच्या सुरुवातीला टस्कनीचा ग्रँड ड्यूक लिओपोल्ड याला उद्देशून एक अर्पणपत्रिका होती. सही ग्लुकची, लेखणी काल्झाबिजीची असावी, असे अभ्यासक मानतात. त्या पत्रिकेत सांगितलेल्या गोष्टी आज वाचतानाही ताज्या वाटतात. संगीताने काव्याची सेवा करावी, संवाद ऐन रंगात आलेला असताना वाद्यांचा तुकडा संपण्याची वाट पाहत नटाला ताटकळत ठेवू नये, सोयीचा एखादा स्वर सापडला म्हणून त्यावर गळ्याची कसरत करत बसू नये, पहिल्या भागाचे शब्द चार वेळा म्हणता यावेत म्हणून दुसरा भाग, जो अनेकदा अधिक उत्कट असतो, तो घाईघाईने उरकू नये, आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या वादनाने पुढे काय घडणार आहे याची जाणीव करून द्यावी. हे सगळे तंत्राचे नियम दिसतात. मला मात्र त्यांत बोलणाऱ्या माणसाला मधेच तोडू नये, एवढी एकच साधी रीत दिसते.

आता प्रत्यक्ष ऐकू. १७७६ साली पॅरिससाठी ग्लुकने हा ऑपेरा 'आल्सेस्त' या नावाने फ्रेंचमध्ये नव्याने बांधला. मी मुख्यतः तीच आवृत्ती ऐकते, जेसी नॉर्मन या अमेरिकन गायिकेच्या आवाजात. मारिया कॅलसने १९५४ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ही राणी इटालियनमध्ये गायली, तिचे प्रत्यक्ष प्रयोगातले ध्वनिमुद्रणही आहे. त्याचा आवाज खरखरीत आहे, तरी त्या खरखरीतून येणारी तिची ठाम उच्चारणी मला सोडवत नाही. देवळातून सगळे पळून गेल्यावर राणी म्हणते, "नॉं, स नॅ प्वँ अँ साक्रिफीस." नाही, हा त्याग नव्हे. तुझ्यावाचून मी जगू तरी शकेन का? चाल अगदी साधी आहे. एखादी बाई स्वतःशीच बोलावी तशी ती पुढे सरकते. आणि मग चालीचा ओघ तुटतो. तिला मुले आठवतात. "माझ्या बाळांनो", असे ती म्हणते आणि वाद्यवृंदाचा सगळा रंग बदलतो, लय अस्वस्थ होते, आत्तापर्यंत सरळ चाललेला आवाज ठेचकाळतो. जुन्या पद्धतीच्या आरियात हा दुसरा भाग असता, चार ओळींत उरकलेला. इथे तोच गाण्याचा गाभा आहे. आपण काय ठरवले आहे ते तिला आत्ता, या क्षणी कळते आहे, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही.

मूत्रपिंड देणाऱ्याची रुग्णालयात मुलाखत होते. तुमच्यावर कोणी दबाव आणलेला नाही ना, हे त्यात विचारतात. मावशी बाहेर आली तेव्हा मी तिला विचारले, काय सांगितलेस. ती म्हणाली, "सांगितलं, की यात मोठंसं काही नाही. आम्हांला दोघांना मिळून दोन पुरतील." मग लिफ्टची वाट पाहत असताना ती बराच वेळ गप्प होती आणि एकदम म्हणाली, "चिनूची दहावी व्हायच्या आत उठून बसायला हवं." चिनू म्हणजे तिची धाकटी.

पहिल्या अंकाचा शेवट ज्या आरियाने होतो, ती ग्लुकच्या सर्वांत प्रसिद्ध रचनांपैकी एक आहे. पाताळातल्या स्टिक्स नदीच्या देवतांना, मृत्यूच्या सेवकांना राणी हाक मारते आणि सांगते की तुमच्या क्रूर दयेची मी याचना करणार नाही. मूळ इटालियनमध्ये सुरुवातीला 'ओंब्रे, लार्वे' असे दोन छोटे शब्द होते आणि त्यांवर आवाज लांब ठेवता येत होता. फ्रेंच शब्दांची त्या जागी दाटी झाली, अशी तक्रार पुढे फ्रेंच संगीतकार बर्लिओझने केली आणि ती रास्त आहे. तरीही पितळी वाद्यांची गर्जना आणि तिच्या अंगावर चालून जाणारा एकटा आवाज हे चित्र दोन्हीकडे तितकेच जिवंत आहे. आणि इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, की ही आरिया पहिल्या ओळीवर परत येते. पुन्हा तीच हाक, पुन्हा तोच नकार. मग ग्लुकने बदलले काय? मधल्या भागात ती म्हणते की मला नवे बळ जाणवते आहे, माझे प्रेम मला जिकडे बोलावते आहे तिकडे मी निघाले आहे. हे म्हणून झाल्यावर ती परत येते. पहिल्या खेपेला ती देवतांना बजावत होती आणि कदाचित स्वतःलाही. दुसऱ्या खेपेला भीती मागे पडलेली आहे. ग्लुकने परतणे काढून टाकले नाही. ज्या कारणाने परतायचे ते कारण त्याने बदलले. आपल्याकडे चांगला गायक मुखड्यावर येतो तेव्हा मधल्या विस्ताराने त्या मुखड्याला नवा अर्थ आलेला असतो, तेच हे. माझी आणि ग्लुकची गाठ खरी पडली ती या जागी.

अल्केस्टिस ऐकताना मराठी मनात सावित्री येणारच. नवऱ्याच्या जिवासाठी मृत्यूसमोर उभी राहिलेली बाई म्हटले की वडाचे झाड डोळ्यांसमोर येते. सावित्रीवर युरोपात एक ऑपेरा झालाही आहे. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने महाभारतातली कथा घेऊन तो रचला आणि १९१६ साली लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. अवघी तीन पात्रे, पडद्याआडचे छोटे वृंदगान आणि मूठभर वादक एवढाच त्याचा पसारा आहे. पण सावित्री आणि अल्केस्टिस या बहिणी नव्हेत. सावित्री यमाशी बोलत राहते आणि शब्दांनी त्याला बांधून टाकते. तिला मरावे लागत नाही. अल्केस्टिसला वाद घालायची संधीच नाही. तिच्यापुढे सौदा आधीच ठेवलेला आहे, एक जीव घ्या, एक द्या.

आणि तो सौदा मान्य कोणी केला? या प्रश्नापाशी मला ग्लुकपेक्षा युरिपिडीस मोठा वाटतो. मूळ नाटकात आद्मेटसला सगळे ठाऊक आहे. त्याने म्हाताऱ्या आई-वडिलांना विचारले आहे, त्यांनी नकार दिला आहे आणि बायकोचा होकार त्याने घेतला आहे. तिचे प्रेत समोर असताना बाप आणि मुलगा कचाकचा भांडतात. तुला उजेड पाहणे आवडते, मग बापाला आवडत नसेल असे तुला वाटले का, असे बाप तोंडावर विचारतो. हे भांडण वाचताना अंगावर काटा येतो, कारण दोघेही खरे बोलत असतात. ऑपेरात हा म्हातारा नाही, आणि राजाला बायकोच्या निर्णयाचा पत्ताही नाही. कळल्यावर तो तिच्या आधी मरायला धावतो. सगळेच थोर झाले आहेत. ऑगस्ट १७६५ मध्ये नवरा गेल्यापासून सम्राज्ञी मारिया थेरेसा काळ्या वस्त्रांत होती आणि संहिता तिलाच अर्पण केलेली होती. तिच्यापुढे राजाचा भित्रेपणा दाखवण्याचे धाडस कोणी केले नसते, हे समजते. तरीपण त्यामुळे राणीच्या एकटेपणाची धार कमी झाली. युरिपिडीसच्या शेवटी हेराक्लीस मृत्यूशी झुंजून तिला परत आणतो आणि ती तीन दिवस बोलत नाही, नाटक संपेपर्यंत एक शब्दही नाही. त्या मौनात काय काय असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. शस्त्रक्रियेनंतर मावशीला बोलायला लागायला तीन दिवस लागले नाहीत, पण ती पहिल्यांदा जे बोलली ते काकांशी नव्हे, समोरच्या खाटेवरच्या बाईशी.

ग्लुक १७७३ च्या अखेरीस पॅरिसला गेला. फ्रान्सची युवराज्ञी झालेली मारी आंत्वानेत व्हिएन्नात लहानपणी त्याच्याकडे संगीत शिकली होती आणि तिचा आधार त्याला मिळाला. १९ एप्रिल १७७४ रोजी 'औलिसमधील इफिजेनिया' रंगमंचावर आला. या विषयाकडे सुधारणावाद्यांचे लक्ष आधीपासून होते. आल्गारोत्ती या इटालियन लेखकाने ऑपेरावरच्या आपल्या १७५५ च्या निबंधाला नमुन्यादाखल जी फ्रेंच संहिता जोडली होती, ती इफिजेनियाचीच. ट्रॉयच्या युद्धाला निघालेली ग्रीक फौज औलिसच्या बंदरात अडकून पडली आहे, वारा पडला आहे, आणि आर्टेमिस देवीला राजा अगमेम्नॉनच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी हवा आहे. लग्नाचे निमित्त सांगून मुलीला बोलावून घेतले आहे.

या ऑपेरात मला सर्वांत जास्त भिडतो तो बाप. पहिल्या अंकात अगमेम्नॉन म्हणतो की माझ्या छातीत निसर्गाचा व्याकूळ आक्रोश घुमतो आहे, आणि ओबो या सनईसारख्या वाद्याचा एक छोटासा, रडवेला सूर त्याच्या शब्दांच्या मधून मधून वर येतो. तो सूर राजाच्या आवाजात मिसळत नाही, बाजूला राहून टोचत राहतो. हा आक्रोश त्याला ऐकू येतो, आणि तरी तो दाबतो. इफिजेनिया मात्र मला इथे थोडी फिकी वाटते. युरिपिडीसची इफिजेनिया आधी बापाच्या पाया पडते. उजेड गोड असतो, वाईट जगणेसुद्धा चांगल्या मरणापेक्षा बरे, असे ती म्हणते. मग थोड्या वेळाने तीच मुलगी मरायला तयार होते, आणि एका पुरुषाने उजेड पाहणे हे दहा हजार बायकांनी पाहण्यापेक्षा मोलाचे, असे भयंकर वाक्य बोलते. ॲरिस्टॉटलने या बदलाला व्यक्तिरेखेतली विसंगती म्हटले. मला ॲरिस्टॉटलचे म्हणणे पटत नाही. पर्याय उरलाच नाही तेव्हा निदान मरणे तरी आपले असावे, म्हणून ती मुलगी ते ओढून आपलेसे करते. त्या दोन भाषणांच्या मधल्या शांततेत ती मोठी होते. ऑपेराची संहिता फ्रेंच नाटककार रासीनच्या १६७४ च्या नाटकावरून दु रुले याने केली, आणि त्या परंपरेतली मुलगी आरंभापासूनच आज्ञाधारक आहे. अकिलीस या आपल्या नियोजित नवऱ्याचा निरोप घेतानाचे तिचे गाणे फार सुंदर आहे, पण ते ऐकताना मला नेहमी वाटते, की हिला एकदा तरी जोरात 'नको' म्हणू द्यायला हवे होते.

तो 'नको' पाच वर्षांनी आला. १८ मे १७७९ रोजी पॅरिसमध्येच 'टॉरिसमधील इफिजेनिया' रंगला तेव्हा ग्लुक ६४ वर्षांचा होता आणि गियार हा त्याचा संहिताकार अगदी तरुण. हा ऑपेरा त्याचे शिखर आहे, असे माझे स्वच्छ मत आहे. १८२१ साली वैद्यकीचा अभ्यास करायला पॅरिसला आलेल्या बर्लिओझने हा ऐकला आणि आपण संगीतकारच होणार हे त्याच्या मनात पक्के झाले.

औलिसच्या वेदीवरून देवीने इफिजेनियाला उचलून नेले आहे आणि दूरच्या रानटी देशात आपली पुजारीण केले आहे. किनाऱ्यावर येणाऱ्या परक्यांचे बळी देणे हे तिचे काम. जिचा बळी जायचा होता, तिच्याच हातात सुरी आली आहे. ऑपेरा सुरू होतो तो शांत, डौलदार वादनाने, आणि काही क्षणांत त्यावर वादळ कोसळते. त्या वादळातूनच, सुरुवातीचे वादन संपण्याची वाट न पाहता, तिचा आवाज देवांना साद घालत वर येतो. वादळ ओसरल्यावर ती म्हणते की बाहेर शांत झाले, पण माझ्या आत ते चालूच आहे. 'आल्चेस्ते'च्या पत्रिकेत लिहिलेली गोष्ट इथे पूर्ण झाली.

दुसऱ्या अंकात ऑरेस्टीस, तिचा न ओळखलेला भाऊ, बेड्यांत पडून म्हणतो की माझ्या हृदयात शांतता परत येते आहे. त्याच्या आवाजाखाली व्हायोला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या बहिणी, मात्र अखंड थरथरत राहतात. ग्लुकला कोणीतरी याबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की तो खोटे बोलतो आहे, त्याने आईचा खून केला आहे. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, ऐकणाऱ्या कानाला व्हायोलांवर विश्वास ठेवावाच लागतो.

आणि त्याच अंकाच्या शेवटी इफिजेनियाचे "हाय, अभागी इफिजेनिया" हे विलापगीत येते. आई-वडील गेले, भाऊही गेला असे तिला वाटते आहे. ओबो तिच्याबरोबर गातो, लांब श्वासाच्या चालीवर आवाज वर चढत जातो आणि पुजारिणींचे वृंदगान त्यात मिसळते. हे गाणे ग्लुकने नव्याने रचलेले नाही. १७५२ साली नेपल्समध्ये मेटास्टाझिओच्या 'तितो'साठी त्याने हीच चाल काफ्फारेल्ली या नामांकित कास्त्रातो गायकाला दिली होती. म्हणजे सुधारणेचे सर्वांत उदात्त गाणे जुन्या दरबारी ऑपेराच्या पेटीतून आले आहे. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला जराशी निराशा वाटली होती. आता वाटते की त्या चालीला आपली बाई सत्तावीस वर्षे सापडत नव्हती.

चौथ्या अंकाची सुरुवात ज्या शब्दाने होते, तो शब्द पुन्हा 'नॉं' आहे. नाही, हे भयंकर कर्तव्य मला पार पाडता येणार नाही. मग ती देवीची विनवणी करते, की माझ्या हृदयात क्रौर्य घाल, माणुसकीचा हा व्याकूळ आवाज दाबून टाक. वाद्यवृंद तिच्या शब्दांबरोबर थरथरतो आणि आपल्याला कळते की हे तिला जमणार नाही. कित्येक वर्षांपूर्वी औलिसमध्ये बापाला तोच व्याकूळ आवाज ऐकू आला होता आणि त्याने तो दाबला. मुलगी दाबण्याचे बळ मागते आहे आणि तिला ते मिळत नाही. आपला जीव देणाऱ्या अल्केस्टिसपेक्षा दुसऱ्याचा जीव घेऊ न शकणारी ही बाई मला अधिक जवळची वाटते. अल्केस्टिसने कोणीतरी ठरवलेला सौदा पूर्ण केला. इफिजेनियाने घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आपल्या हाताशी थांबवला.

सुरी हातात दिली जाते, आणि वेदीवरचा परका म्हणतो की माझी बहीण इफिजेनियाही औलिसमध्ये अशीच मेली. युरिपिडीसच्या नाटकात ओळख पटते ती एका पत्रामुळे, आणि ॲरिस्टॉटलला ती फार आवडली होती. पण पॉलिइडस नावाच्या एकाने सुचवलेला दुसरा मार्गही ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे, आणि तो नेमका हा आहे. दोन हजार वर्षे टिपणात पडून राहिलेले ते एक वाक्य ऑपेराने उचलले. ग्लुकने तिथे कुठलाही गाजावाजा केलेला नाही. पुढे टॉरिसचा राजा थोआस येतो, मारामारी होते, डायना, म्हणजे तीच आर्टेमिस देवी, प्रकट होते. ते सगळे भराभर उरकते आणि उरकायलाच हवे.

गेल्या वटपौर्णिमेला मावशीकडे गेले होते. काका आता रोज सकाळी टेकडीवर जातात. मावशीला जिना चढताना अजून थांबावे लागते. दुपारी ती आडवी झाली होती आणि मी तिच्यासाठी 'आल्सेस्त' लावला, जेसी नॉर्मनचा. तिला फ्रेंच येत नाही, मीही तिला गोष्ट सांगितली नव्हती. डोळे मिटून ती ऐकत होती. पहिल्या आरियाचा सरळ ओघ तुटला, आवाज अडखळला, तशी तिने डोळे उघडले.

"इथे काय म्हणतेय ती?"

"मुलांना हाक मारतेय", मी म्हणाले.

ती छताकडे बघत राहिली. गाणे पुढे गेले, संपत आले. मग ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "तेवढंच परत लाव."